वास, वजन आणि गळती

गंगापूर तालुक्यातल्या बाभूळदरा या गावी, लासूर स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, दहा बाय बाराची एक खोली आहे. तिथं रोज सकाळी सव्वासहा ते साडेसात आणि संध्याकाळी सव्वापाच ते साडेसहा या वेळात दूध गोळा होतं. खोलीत एक वजनकाटा, एक फॅटचं मशीन, दूध गार ठेवणारी स्टीलची टाकी आणि भिंतीवर बुद्ध व बाबासाहेब यांच्या दोन तसबिरी आहेत. रत्नमाला हिवराळे हे केंद्र चौदा वर्षं चालवते. इतक्या काळात खोलीबद्दल शासनाकडे एकही तक्रार गेली नाही, त्यामुळे ती अस्तित्वात आहे याची शासनाला कल्पना नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे बाभूळदरा ग्रामीण उच्चतंत्र उद्योग उद्यान आहे. त्याचा पहिला टप्पा म्हणजे निळ्या काचांची चार मजली इमारत. बाहेरच्या फलकावर नऊ कंपन्यांची नावं आहेत. आत रत्नमालाचा नवरा रामकिसन, सुरक्षारक्षक म्हणून, आणि तिसऱ्या मजल्यावर पारवे. कंपन्या येणार आहेत. पारवे आलेले आहेत.

फाटकाच्या आत गार पाण्याचा एक कूलर होता. दुधाची रांग लांबली की बाया रस्ता ओलांडून तिथं पाणी प्यायला जात. रामकिसन सरळ माणूस. नोंद केल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असा नियम होता, म्हणून तो प्रत्येकीचं नाव वहीत लिहून घेई. ‘भेटीचा उद्देश’ या रकान्यात काय लिहावं, हे त्यानं एकदा फोन करून वरिष्ठांना विचारलं होतं. गुंतवणूक, भागीदारी आणि इतर तांत्रिक, यांपैकीच काहीतरी लिहायचं असं उत्तर आलं. कूलर हे यंत्रच, असा विचार करून त्यानं सगळ्यांना ‘इतर तांत्रिक’मध्ये घातलं.

दिवसाला सरासरी अठ्ठावीस बाया, असे अकरा महिने. वर्षअखेरीस ती वही शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माडीवर असलेल्या उच्चतंत्र विस्तार कक्षात गेली. तिथं बेरीज झाली. नऊ हजार दोनशे चाळीस भेटी, सर्व तांत्रिक स्वरूपाच्या, त्यातही महिलांचं प्रमाण शंभर टक्के. अहवालात लिहिलं गेलं की मागणीचा हा रेटा पाहता पहिला टप्पा अपुरा पडत असून दुसरा टप्पा तातडीनं हाती घेणं क्रमप्राप्त आहे.

दुसऱ्या टप्प्यासाठी धोरण लागतं. ते तयार होतंच. कक्षाचे अधिकारी अकरा दिवस एका थंड देशात अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले होते आणि येताना तिथलं धोरण घेऊन आले होते. त्याचं मराठी करून घेतलं, गावाचं नाव घातलं आणि आराखड्यावर लाल रेघ ओढली. दुधाची खोली रेघेच्या आत आली.

रत्नमालाला नोटीस मिळाली ती सकाळच्या रांगेतच. तिनं ती मोठ्यानं वाचली. विस्तार क्षेत्रातलं कोणतंही विद्यमान बांधकाम ‘उच्चतंत्र’ किंवा ‘ग्रामीण वारसा’ यांपैकी एका प्रवर्गात बसत असेल तर राहील. दोन्हींत न बसणारं बांधकाम अनिश्चित स्वरूपाचं समजून साठ दिवसांत काढण्यात येईल.

“मंजी काय गं?” मुक्ताबाईनं विचारलं. मुक्ताबाईची एकच म्हैस, पण रांगेत तिचा नंबर कायम पहिला.

“मंजी आपण कोन हावोत ते ठरवायचंय, मावशी.”

“मग त्यात काय एवढं? जा अन् सांगून ये.”

रत्नमाला दुपारच्या एसटीनं शहरात गेली. कक्षात पद्मजा सेलूकर नावाच्या नियोजन अधिकारी बसल्या होत्या. पद्मजाबाई स्वभावानं चांगल्या होत्या, आणि हे पुढं घडलेल्या प्रत्येक गोष्टीबाबत लक्षात ठेवायला हवं. त्यांनी रत्नमालाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि धोरण उघडलं.

“उच्चतंत्रमध्ये बसतं का बघू. तुमच्याकडे यंत्र आहे म्हणालात?”

“हाय की, मॅडम. कपभर दूध ठेवलं की चाळीस सेकंदांत फॅट अन् दाटपणाची डिग्री सांगतं. चिठ्ठी छापतं. बाईच्या मोबाईलवर मेसेज जातो.”

“अरे वा!” पद्मजाबाई खरोखरच खूश झाल्या. “उद्यानात असं काही अजून कुणाकडेच नाही.” मग त्यांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि त्यांचा चेहरा पडला. “कलम सात. उच्चतंत्र उद्योग म्हणजे असा उद्योग, ज्याच्या उत्पादनास वास, वजन आणि गळती नाही.”

रत्नमालानं तिन्ही बोटांवर मोजून पाहिलं.

“दुधाला तर तिन्ही हायत,” रत्नमाला म्हणाली.

“तिन्ही आहेत,” पद्मजाबाईंनी कबूल केलं. “पण निराश होऊ नका. तुम्ही ग्रामीण तर नक्कीच असणार.”

ते तपासायला पुढच्या आठवड्यात चिन्मय नावाचे तरुण सल्लागार आले. त्यांच्याकडे ‘ग्रामीणत्व निर्देशांक’ नावाचा तक्ता होता. शंभर गुणांपैकी साठ मिळाले की खोली वारसा ठरणार होती. त्यांनी आधी छताचा पत्रा वाकून वाकून पाहिला.

“साचलेल्या बर्फाचं वजन किती पेलेल?”

“बर्फ?” रामकिसन म्हणाला. “साहेब, बेचाळीस डिग्री चालू हाय.”

“मला दिसतंय हो, दादा. पण ते कलम काढायचं तर धोरण पुन्हा मंजुरीला पाठवावं लागतं.” त्यांनी ‘बर्फ : समाधानकारक’ असं लिहिलं.

पुढं मात्र गुण पडेनात. सारवलेली जमीन नाही, फरशी आहे. पितळी माप नाही, वजनकाट्यावर आकडे दिसतात. विजेचा दिवा आहे. रांगेतल्या सात बायांच्या हातात मोबाईल आहेत. एकीनं नव्हे, सगळ्यांनी गोल साड्या नेसल्या आहेत. तसबिरींपाशी येऊन चिन्मय अडखळले.

“या ठिकाणी तक्त्यात तुळशीवृंदावन आहे.”

“आमच्यात नसतं.”

“मग हे ग्रामीण धरू की शहरी?”

“आमचं धरा,” रत्नमाला म्हणाली.

त्यासाठी रकाना नव्हता. एकूण गुण एकतीस झाले. चिन्मय जाताना हळहळले. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, “ताई, फेरतपासणी मागता येते. पंधरा दिवस आहेत. थोडं गावासारखं करून घ्या.”

बाभूळदऱ्याला गावासारखं करणं सोपं नव्हतं. फरशीवर शेणाचा सडा धरेना, म्हणून आधी मुरूम आणून टाकला आणि मग सारवलं. पितळी माप कुणाच्याच घरी निघालं नाही. शेवटी ते औरंगपुऱ्यातून, घर सजवायच्या वस्तू विकणाऱ्या दुकानातून आणलं. मशीनवर गोणपाट टाकलं, टाकीपुढं कडब्याच्या पेंढ्या रचल्या. कंदील एकाच्या हॉटेलातून उसना आला, तिथं तो शोभेला टांगलेला होता.

“मावशी, तेवढं नऊवारी नेसून या बरं का,” रत्नमाला म्हणाली.

“मी?” मुक्ताबाई उसळली. “माझ्या लग्नापासून मी ही असली साडी नेसते. नऊवारी माझ्या सासूनं सोडली, अन् मी नेसू? मला म्हातारी दिसायचं नाय.”

“दोन गुण हायत त्याला.”

“मग तुझ्या नवऱ्याला नेसव.”

अखेर फेरतपासणीच्या दिवशी मुक्ताबाई नेसली. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचलेल्या तिच्या नातीचं लुगडं होतं, त्याला चमकी लावलेली होती. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. चिन्मयना ते फार आवडलं. त्यांनी तिचा फोटो काढला, आणि तिच्या मौनालाही ‘पारंपरिक संकोच’ या सदरात तीन गुण दिले.

या खेपेला चौऱ्याहत्तर गुण पडले. आठ दिवसांत प्रमाणपत्र आलं. खोली ‘जिवंत ग्रामीण वारसा’ म्हणून जाहीर झाली होती. गावानं पेढे वाटले. पेढे याच दुधाचे होते.

प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला अटी होत्या. वारसास्थळ तपासणीच्या दिवशी ज्या स्थितीत होतं त्याच स्थितीत जतन करावं. तपासणीच्या दिवशी तिथं वीज आढळली नसल्यानं मीटर काढून नेण्यात येईल. यंत्रसामग्री आढळली नसल्यानं ती यापुढंही आढळू नये.

मीटर दुसऱ्याच दिवशी गेलं. त्या सकाळी रत्नमालानं पितळी मापानं दूध घेतलं. मुक्ताबाईचा चेहरा पहिल्यांदा उजळला. “बरं झालं ते मशीन गेलं. उगाच माणसावर संशय घेत होतं.” तिच्या दुधात पाणी किती, हे मशीन गेली कित्येक वर्षं चिठ्ठीवर छापत आलं होतं.

साडेसातला टँकर आला. ड्रायव्हरनं हात पुढं केला. “चिठ्ठी?”

“आता चिठ्ठी नाय. आपण वारसा झालोत.”

“ताई, तुम्ही काय बी व्हा. फॅट छापल्याशिवाय अन् दूध गार असल्याशिवाय मला घेता येत नाय.” टँकर रिकामा गेला.

त्या दिवसापासून बाया दूध रिक्षात घालून नऊ किलोमीटरवर लासूर स्टेशनला नेऊ लागल्या. ऊन वैशाखाचं. रिक्षा भरल्याशिवाय सुटत नसे आणि ती भरेपर्यंत दूध तापत असे. तीन दिवसांतून एक दिवस ते नासायचं. चौथ्या आठवड्यात मुक्ताबाईनं म्हैस विकायची बोली काढली आणि गोठ्यात पाठमोरी बसून राहिली. मशीनबद्दल मग ती वाईट बोलली नाही.

खोली मात्र उत्तम जतन झाली होती. उद्यानाच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो छापून आला, खाली ओळ होती : ‘जिथं तंत्रज्ञानाला मातीचा गंध आहे.’

रत्नमाला पुन्हा पद्मजाबाईंच्या समोर जाऊन बसली.

“मॅडम, ते प्रमाणपत्र परत घ्या. मला माझं मशीन लावायचंय. खोली राहू द्या, लाईट द्या. बाकी तुमचं उद्यान कितीबी मोठं करा, माझं काय म्हणणं नाय.”

पद्मजाबाईंनी धोरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या आणि उत्तर असतंच, अशी त्यांची श्रद्धा होती. संध्याकाळी साडेपाचला त्यांना ते सापडलं.

“तिसरा प्रवर्ग करता येतो! कलम दहा. हरकती व सूचना. धोरणावर एक जरी वैध हरकत आली तरी सुनावणी घ्यावीच लागते. सुनावणी झाली की मी स्वतः ‘कार्यरत दुग्धकेंद्र’ असा प्रवर्ग सुचवते. एकच हरकत पुरे. नमुना सात भरायचा, पूर्ण नाव, पत्ता, निळ्या शाईची सही. तीस दिवस आहेत.”

“द्या मग. आत्ता भरते.”

“तुमची चालत नाही. तुम्ही बाधित आहात. बाधित व्यक्तीचा यात हितसंबंध असतो, त्यामुळे तिचं म्हणणं तटस्थ धरता येत नाही.”

“मुक्तामावशीची?”

“त्याही बाधित. ज्याचं यात काहीच जात नाही, अशा नागरिकाची हवी.”

“तुमचं काय जातंय, मॅडम? तुम्हीच करा की.”

पद्मजाबाई खजील झाल्या. “मी शासन आहे, ताई. मला हरकत असू शकत नाही.”

रत्नमालानं नमुना सातच्या शंभर प्रती काढून घेतल्या. ज्यांचं काहीच जात नाही अशी माणसं शहरात पुष्कळ असतील, असा तिचा अंदाज होता, आणि तो बरोबर निघाला. तेवीस दिवस ती दुपारी शहरात येत राहिली. क्रांती चौकापासून सुरुवात करायची, दुकानं घ्यायची, मग अपार्टमेंट, मग सकाळी फिरायला येणाऱ्यांना गाठण्यासाठी एक दिवस नातेवाइकाकडं मुक्काम. ती सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची. तिला ती आता इतकी पाठ झाली होती की लोक मध्येमध्ये हसायचे. बर्फापाशी सगळेच हसायचे.

मोबाईल दुरुस्तीवाल्यानं चहा मागवला. “बाजी, ये तो सरासर नाइन्साफी है. खुल्ली नाइन्साफी! पर मेरा नाम मत डालो, अपुन दुकानदार आदमी.”

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक दीड तास बोलले. त्यांच्या मते प्रश्न एका खोलीचा नव्हता, विकासाच्या संकल्पनेचा होता. इतक्या मोठ्या प्रश्नावर एका पानाच्या फॉर्मवर सही करणं त्यांना उथळ वाटलं. ते यावर सविस्तर लिहिणार होते.

एका बाईंनी तिला घरात बसवलं, सरबत दिलं. “आमच्याकडे तुमच्याच भागातलं दूध येतं हो. साय इतकी जाड येते!” सहीचं विचारताच त्या म्हणाल्या, “हे घरी आले की विचारते.” हे आतल्या खोलीत टीव्ही पाहत होते.

चालणाऱ्या मंडळींतल्या एकानं हकिकत टाइप करून आपल्या दोनशे चौदा जणांच्या गटावर टाकली. एकसष्ट जणांनी हात जोडले, चाळीस जणांनी अंगठा दाखवला, नऊ जणांनी रडका चेहरा पाठवला. एकानं विचारलं, “दूध म्हशीचं का? घरपोच देतात का?” तिथून ती हकिकत दुसऱ्या गटांवर गेली, आणि कुणीतरी तिला मथळाही दिला. फॉर्म मागायला कुणी आलं नाही. सगळ्यांना वाटलं, इतक्या जणांनी वाचलंय तर कुणीतरी भरलाच असेल.

तिसाव्या दिवशी रत्नमाला शंभर कोरे नमुने घेऊन औरंगपुऱ्यात पोचली. पद्मजाबाईंसमोर नोंदवही उघडी होती.

“हरकती निरंक,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक हाय.”

“आणि संमती एक हजार एकशे त्रेसष्ट.”

“कुनाची संमती? मी तर कुनाला संमती मागितलीच नाय!”

पद्मजाबाईंनी वही तिच्याकडे वळवली. आवाज शक्य तितका मऊ ठेवून त्यांनी कलम दहाच्या खालची बारीक अक्षरं वाचली. “ज्या तटस्थ नागरिकास प्रस्तुत प्रकरणाची माहिती वर्तमानपत्र, भ्रमणध्वनी, संभाषण अथवा अन्य कोणत्याही मार्गाने मिळाली आणि माहिती मिळूनही ज्याने हरकत नोंदवली नाही, त्याची विस्तारास संमती आहे असे समजावे.”

रत्नमालानं यादीवरून नजर फिरवली. मोबाईलवाला होता. प्राध्यापक होते, नावापुढं पदव्या होत्या. सरबतवाल्या बाई होत्या आणि त्यांचे हेही होते. हात जोडणारे एकसष्ट एकाखाली एक होते.

“मंजी मी जेवढ्यांना सांगितलं…”

“तेवढी संमती वाढली.” पद्मजाबाईंनी चष्मा काढून पुसला. “मला हे आधी दिसायला हवं होतं. तुम्ही कुणाला काहीच सांगितलं नसतं, तर संमतीही निरंक राहिली असती. हजाराच्या आत संमती असली की प्रस्ताव आपोआप परत जातो.”

खालच्या रस्त्यावर कुणाची तरी गाडी अडकली होती आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. रत्नमाला ते ऐकत बसली. मग तिनं विचारलं, “आता खोलीचं काय?”

“संमती इतकी उदंड आली की वारसास्थळ उद्यानाच्या स्वागतकक्षात हलवायचं ठरलंय. भिंतींसकट. तिथं त्याची देखभाल होईल. रस्त्यावरची जागा मोकळी होईल.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण यादी अजून बंद झालेली नाही. नावं येतच आहेत, म्हणून मुदत पंधरा दिवस वाढवली आहे. नियम तोच. अजूनही एक हरकत आली, तर सगळं थांबतं.”

“अन् नाय आली तर?”

“तर यादी लांबते.”

त्या संध्याकाळी रत्नमालानं ठरवलं की ही गोष्ट आता कुणालाही सांगायची नाही. एसटीत शेजारच्या बाईनं “कुठून आलात?” विचारलं, तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेऊन बसली. तिनं आपला शब्द पाळला. पण गोष्ट तोवर तिच्या हातात राहिली नव्हती. लोक ती एकमेकांना सांगत होते, पुढं पाठवत होते, बर्फापाशी हसत होते, आणि मग कुणीतरी ती छापलीही.

कक्षाचं काम चोख आहे. जो जो ही हकिकत शेवटपर्यंत जाणून घेतो, त्याची नोंद वेळच्या वेळी होते. तटस्थ असणं एवढीच अट आहे आणि आपलं यात काहीच जात नाही, हे कक्षानं पडताळून पाहिलं आहे. नमुना सातवर नाव, पत्ता आणि निळ्या शाईच्या सहीची जागा अजून कोरी आहे. यादीतला शेवटचा अनुक्रमांक, हे वाक्य वाचून होईपर्यंत, आपला आहे.